बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यात संग्रहालय हवं की नको?

कॅम्पकर: कॅम्पात कौलारू, रुंद व्हरांड्याचे ब्रिटिशकालीन बंगले अजून उभे आहेत. एखादा पडायच्या आत तिथे आपल्या जिल्ह्याच्या कारागिरीचं आणि उद्योगांचं संग्रहालय व्हावं. शहापूरचा हातमाग, खानापूरची मातीची भांडी, गोकाकची लाकडी खेळणी. गोकाक धबधब्यावर १८८७ साली पाण्यापासून वीज केली, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? काय म्हणता?

वडगावकर: नको. (कॅम्पातली जागा लष्कराची, खिळा ठोकायलाही परवानगी लागते, ते वेगळंच.) आमच्या घरात खड्ड्याचा माग होता. आजी खड्ड्यात पाय सोडून बसायची. माग सुरू झाला की फळीवरची भांडी वाजायची. तोच माग काचेमागे ठेवलात तर दिसणार काय, लाकूड! विणकराला सूत परवडेना, आणि तुम्ही त्याच्या मागावर दिवे सोडणार. आधी जित्या माणसाचं बघा ओ.

निपाणीकर: २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत, बेळगाव धरून. अथणीत चप्पल शिवणाऱ्याला हे कुणी सांगितलंय? तेवढ्यासाठी तरी हवं. पण तंबाखू का वगळलीत? विड्या वळणाऱ्या बायांचं सूप, पान कापायचा पत्रा ठेवा. १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन सांगा. नुसत्या देखण्या वस्तू मांडल्या तर ते दुकान झालं.

सीमावासी: पाट्या कुठल्या भाषेत?

कॅम्पकर: आलात! तिन्ही भाषांत.

सीमावासी: वर कुठली?

उद्यमबागवाला: ते राहू दे. विणकरासाठी निदान कुणी हळहळतं तरी, फाउंड्रीवाल्याचं काय? आमचे बाबा पॅटर्नमेकर, म्हणजे फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे. ओतलेलं लोखंड गार होताना शंभराला एक आकसतं, म्हणून त्यांची पट्टी साध्या पट्टीपेक्षा तेवढी लांब. लाकडी पॅटर्न तिच्यावर मोजून करायचा. मालकाने शेड मोकळी केली तेव्हा पॅटर्न बंबात गेले. सागवानी! मी पट्टी तेवढी उचलून आणली.

वडगावकर: मग ठेवा की घरात. त्याला बंगला कशाला?

उद्यमबागवाला: घरातच होती. पोराने शाळेच्या प्रकल्पाची सगळी मापं तिनेच घेतली. प्रत्येक माप कमी भरलं, आणि पट्टीच खोटी म्हणून तो ती रद्दीवाल्याला देत होता.