रबाळे एमआयडीसीत 12 रॅकचं डेटा सेंटर: वीज, कूलिंग, क्लाउड, आणि 99.99 टक्क्यांचा हट्ट

गाळा_रबाळे:
रबाळे एमआयडीसीत पहिल्या मजल्यावर 2,400 चौ. फुटांचा गाळा आहे. 12 रॅक (सर्व्हर ठेवायची कपाटं), रॅकमागे सरासरी 5 किलोवॉट, म्हणजे आयटी लोड 60 किलोवॉट. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान कंपन्या, सीए फर्म, हॉस्पिटलं यांना व्हीएम (व्हर्च्युअल सर्व्हर) भाड्याने द्यायचे आहेत. सध्याचा आराखडा: 80 केव्हीएचे दोन यूपीएस, खाली कंपाउंडमध्ये एक जनरेटर, 1.5 टनाचे 12 स्प्लिट एसी, चार सर्व्हरवर ओपन सोर्स क्लाउड. विक्रीवाल्यांना वेबसाइटवर 99.99 टक्के अपटाइम (वर्षभरात सेवा चालू राहण्याचं प्रमाण) लिहायचंय. कुठे हात आखडावा आणि कुठे अजिबात आखडू नये, जाणकारांनी सांगा.

एलटी_पॅनेल:
यूपीएस दोन घेताय हे उत्तम, पण दोघांमागे एकच एलटी पॅनेल (वीज वाटणारा मुख्य बोर्ड), एकच चेंजओव्हर (महावितरणवरून जनरेटरवर नेणारा स्विच) आणि एकच जनरेटर असेल तर त्या दोनाचा उपयोग फक्त यूपीएस बिघडल्यावर. वरचा ब्रेकर ट्रिप झाला की दोघेही बॅटरीवर येतात. टिअर 3 ची (डेटा सेंटरच्या भरवशाची एक श्रेणी) कसोटी सोपी आहे: देखभालीसाठी कुठलाही एक भाग बंद केला तरी सर्व्हर चालू राहिले पाहिजेत. एका जनरेटरवर ही कसोटी पास होत नाही. ऑइल बदलायला तो थांबवला आणि तेवढ्यात महावितरण गेलं, की संपलं.

हिशेब असा. आयटी 60, यूपीएसचा तोटा 5, कूलिंग 25, किरकोळ 5, आणि वीज परत आल्यावर बॅटरी चार्जिंगचे 8. झाले 103 किलोवॉट. 160 केव्हीएचा जनरेटर 0.8 पॉवर फॅक्टरला 128 किलोवॉट देतो. असे दोन घ्या, प्रत्येक एकटा सगळा लोड उचलेल असा. रेटिंग प्राइम (सलग चालण्यासाठीचं) बघा, स्टँडबाय (अधूनमधून चालण्यासाठीचं) नको. नवीन सेट सीपीसीबी 4+ (केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या धुराच्या) निकषांचेच घ्यावे लागतील. मोठा सेट घेऊन ठेवू, पुढे लोड वाढेल, हा मोह टाळा: 30 टक्क्यांखाली चालणाऱ्या डिझेल इंजिनात न जळलेलं इंधन आणि काजळी साचत जाते.

डिझेल युनिटमागे साधारण 0.27 लिटर धरा, म्हणजे तासाला 27-28 लिटर. बाजारात 990 लिटरची टाकी सर्रास मिळते, ती उगाच नाही: पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एकूण साठा 2,500 लिटरपर्यंत आणि एकही टाकी 1,000 लिटरवर नसेल तर डिझेल साठ्याला परवाना लागत नाही. 990 च्या दोन टाक्या भरलेल्या असतील तर 70 तास निघतात. पावसाळ्यात टाकीच्या तळाचा नळ सोडून पाणी काढत जा, नाहीतर फिल्टर चोंदून इंजिन ऐन वेळी मान टाकतं. आणि जनरेटर सुरूच न होण्यामागे सगळ्यात जास्त वेळा त्याची स्टार्टिंग बॅटरी असते. दोन-तीन वर्षांनी ती बदलून टाका, चालतेय म्हणून ठेवू नका.

‘आम्हाला दोन फीडर (वीज आणणाऱ्या लाइनी) आहेत’ यावरही फार विसंबू नका. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली, कारण बिघाड कळवा-पडघा पट्ट्यातल्या 400 केव्ही लाइनींवर होता. खाली फीडर चार असले तरी वर सगळे तिथेच जाऊन मिळत होते. दुसऱ्या फीडरचे पैसे वाचवून ते दुसऱ्या जनरेटरला लावा.

सर्व्हर जोडतानाची एक गोष्ट. ए आणि बी दोन्ही बाजू (एकेका यूपीएसची एक) मिळून 60 किलोवॉट, म्हणजे रोज एका यूपीएसवर 30 च्या आसपासच दिसले पाहिजेत. दोन्हीकडे 45-45 दिसू लागले की तुमची जोडी कागदावरच उरली: एक गेला की दुसऱ्यावर 90 येतात आणि तोही बसतो. अलार्म 36 ला लावा, 70 ला नाही.

पहिल्या मजल्यावर बॅटऱ्या नेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून स्लॅबची क्षमता लेखी घ्या. भरलेला रॅक 800 किलोच्या पुढे सहज जातो, बॅटरी बँक त्याहून दाट वजनाची. जनरेटर खाली ठेवणार असाल तर उंच ओट्यावर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला होता. ओट्याची उंची ठरवताना तुमच्या गल्लीत त्या दिवशी पाणी कुठवर होतं ते शेजारच्या जुन्या कारखान्यात विचारा आणि वर आणखी दीड-दोन फूट ठेवा.

खाडीकाठ:
स्प्लिट एसी रद्द करा. 60 किलोवॉट म्हणजे 17 टन हे गणित बरोबर, पण घरगुती एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. 1.5 टन म्हणजे 5.2 किलोवॉट, त्यातले प्रत्यक्ष हवा थंड करायला साधारण 3.7 मिळतात. बाराचे झाले 44. वर ही यंत्रं वर्षभर चोवीस तास चालायला बनवलेलीच नसतात. 35 किलोवॉट सेन्सिबलचे (फक्त हवा थंड करायची ताकद) तीन प्रिसिजन युनिट (डेटा सेंटरसाठीचे एसी) घ्या, दोन चालू, एक राखीव, आठवड्याला आलटून पालटून. निवडताना बाहेरचं तापमान 45 धरून क्षमता मागा, कॅटलॉगवरची 35 ची नको. गाळ्याच्या डक्टमध्ये तिन्ही कंडेन्सर एकावर एक टांगलेत की खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, हे मे महिन्यात कळतं.

युनिटचे पंखे यूपीएसवर घ्या. जनरेटर 15 सेकंदांत आला तरी कॉम्प्रेसर पुन्हा उभा राहायला तीन ते पाच मिनिटं घेतो. 180 घनमीटरच्या बंद खोलीत 60 किलोवॉट सोडले तर निव्वळ हवेच्या हिशेबाने तापमान मिनिटाला 16 अंश चढेल. भिंती आणि रॅकचं लोखंड बरीच उष्णता पितं म्हणून थोडी उसंत मिळते, एवढंच. रिकाम्या यू-जागांना (रॅकमधल्या मोकळ्या खणांना) ब्लँकिंग प्लेट आणि थंड गल्लीला दरवाजे लावा. सगळ्या यादीत याहून स्वस्त काही नाही, आणि लोक नेमकं हेच सोडतात.

आता रबाळ्याचं खास दुखणं. एका बाजूला खाडीचा चिखल आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला टीटीसीतले (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले) रासायनिक कारखाने. हवेत हायड्रोजन सल्फाइड आणि क्षार दोन्ही. दमट हवेबरोबर ते आत आले की मदरबोर्डवरचं चांदी-तांबं काळं पडतं, आणि मग कारण न सापडणारे रॅम एरर सुरू होतात. हार्डवेअर आणण्याआधी 30 दिवस तांब्या-चांदीच्या चाचणी पट्ट्या खोलीत टांगा. आयएसए 71.04 (हवेतल्या गंजकारक वायूंचं मानक) च्या जी1 वर्गासाठी तांब्यावर 300 अँगस्ट्रॉमपेक्षा आणि चांदीवर 200 पेक्षा कमी थर हवा. जास्त आला तर ताजी हवा केमिकल फिल्टरमधूनच घ्या, आणि तीही खोलीत किंचित जास्त दाब राहील एवढीच. बाहेरची हवा वापरून वीज वाचवण्याच्या कल्पना थंड, कोरड्या देशांत ठीक. कंडेन्सरच्या कॉइलला इपॉक्सी कोटिंग मागून घ्या.

दोन_वाटा:
मी उलट सांगतो: स्वतः बांधूच नका. ऐरोली, महापे, रबाळे इथे मोठी कोलोकेशन सेंटर (जागा, वीज, कूलिंग भाड्याने देणारी) आहेत. दोन वेगवेगळ्या कॅम्पसमध्ये दोन-दोन रॅक घ्या आणि क्लाउड चालवा. 60 किलोवॉटसाठी दोन जनरेटर, रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर, प्रदूषण मंडळ हा संसार परवडत नाही.

कुठेही बसा, फायबरचा घोळ तोच. दोन ऑपरेटरकडून दोन लिंक घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या असं नाही. ठाणे-बेलापूर रोडवर दोघे एकाच डक्टमधून गेलेले असू शकतात आणि एक जेसीबी दोघांना पुरतो. ऑर्डरच्या आधी दोघांकडून रूटची केएमझेड फाइल (नकाशावर उघडणारी) घ्या, एकावर एक ठेवून बघा. इमारतीत शिरण्याची जागाही वेगळी हवी. खरोखर स्वतंत्र असतील तर 99.5 टक्क्यांच्या दोन लिंक मिळून 99.9975 होतात. आयआरआयएनएनकडून (भारतात इंटरनेट पत्ते वाटणारी संस्था) स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख) आणि आयपी घ्या, निदान एक /24 (256 पत्ते). नाहीतर ऑपरेटर बदलताना प्रत्येक ग्राहकाचा आयपी बदलावा लागतो.

99.99 चं: वर्षाला 52.6 मिनिटं. वीज-कूलिंग 99.98, नेटवर्क 99.99, होस्ट-स्टोरेज 99.95 धरलं तरी तुटीची बेरीज 0.08 टक्के, म्हणजे वर्षाला सात तास. 99.9 लिहा, त्यात पावणेनऊ तास बसतात. आणि सर्ट-इनचे (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) 28 एप्रिल 2022 चे निर्देश वाचून ठेवा: घटनेची खबर 6 तासांत, लॉग 180 दिवस, ग्राहकाची नोंद त्याने सेवा सोडल्यावरही 5 वर्षं.

गाळा_रबाळे:
गाळा स्वतःचा आहे म्हणून बांधायचंच आहे, दुसरी साइट कोलोत घेऊ. 99.9 वर विक्रीवाल्यांना राजी करतो. चार सर्व्हर पुरतील का? प्रत्येकात 3.84 टीबीचे 8 एसएसडी.

तीन_प्रती:
सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क जोडून एक साठा करणारं सॉफ्टवेअर) स्टोरेज धरून सांगतो. कच्ची जागा 122.88 टीबी, तीन प्रतींनी भागली की 40.96. पण एक सर्व्हर मेल्यावर त्याचा डेटा उरलेल्या तिघांत मावला पाहिजे, आणि 85 टक्क्यांना ‘नियरफुल’ची सूचना येते. म्हणून विकायला 26 टीबी. 95 ला क्लस्टर लिहिणंच थांबवतो, तेव्हा सगळ्या ग्राहकांचे व्हीएम एकदम गोठतात. वीज-बीज सगळं ठणठणीत असताना. जागा वाचवायला दोन प्रती आणि ‘मिन साइझ 1’ (एकच प्रत उरली तरी लिहीत राहा) हे कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एसएसडी पॉवर-लॉस प्रोटेक्शनवालेच (अचानक वीज गेली तरी हातातला डेटा जपणारे). साधे ग्राहकी एसएसडी सिंक राइटला (पक्कं लिहून झाल्यावरच पुढे जाणं) रडतात आणि लवकर झिजतात. मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीवर नजर ठेवणारे प्रोग्राम) तीन, तीन वेगळ्या रॅकमध्ये. त्यांच्या घड्याळांत 0.05 सेकंदांहून जास्त फरक पडला की तक्रार सुरू होते, तेव्हा एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) आधी नीट लावा. रॅमची ओव्हरसेलिंग नको. सीपीयू 4:1 पर्यंत (एका खऱ्या कोरमागे चार विकलेले) चालतो. चारपैकी तीन सर्व्हरवर सगळे व्हीएम मावतील एवढेच विका.

दुसरी साइट पुण्याकडे घेतलीत तर उत्तम. फायबरला 100 किमीमागे जाऊन-येऊन सुमारे 1 मिलिसेकंद लागतो, तेव्हा तिथे स्नॅपशॉट (ठरावीक वेळेची प्रत) पाठवा, प्रत्येक राइट नको. बॅकअप वेगळाच, वेगळ्या पासवर्डखाली. ग्राहकाने चुकून डिलीट केलेली फाइल तिन्ही प्रतींमधून एकाच वेळी जाते.

गाळा_रबाळे:
शेवटचं. सगळं लागल्यावर तपासायचं कसं?

एलटी_पॅनेल:
सर्व्हर आणण्याआधी 60 किलोवॉटची लोड बँक (सर्व्हरऐवजी वीज खाणारं चाचणीचं यंत्र) भाड्याने आणा. छोट्या हीटरच्या स्वरूपातली, रॅकच्या जागी वाटून ठेवता येईल अशी. चार तास पूर्ण लोडवर चालवून सगळे जोड थर्मल कॅमेऱ्याने बघा. सैल लग (केबलच्या टोकाचे जोड) इथेच सापडतात. मग मुख्य ब्रेकर पाडा. पुढच्या फेरीत पहिला जनरेटर मुद्दाम लॉक करून पाडा, दुसरा आपणहून येतो का बघा. मग ए यूपीएस बंद, मग बी. मग एक कूलिंग युनिट बंद ठेवून तासभर. प्रत्येक फेरीत थंड गल्लीचं तापमान दर 10 सेकंदांनी नोंदवा, 27 च्या वर किती वेळ राहिलं ते लिहा. सर्व्हर आल्यावर दर महिन्याला खऱ्या लोडवर जनरेटर अर्धा तास, आणि प्रत्येक सर्व्हरची एक-एक पॉवर कॉर्ड काढून दुसरी खरंच बी बाजूलाच गेली आहे ना, याची खात्री. लोड बँकेचं बुकिंग आत्ताच करून ठेवा. मार्चअखेरीला ती सहजासहजी मोकळी सापडत नाही.