शब्दचर्चा: घोर, धसका, हाय आणि ‘करमंना’

मूळ प्रश्न (परभणी)

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, “चिंता वाटते का?” मी म्हणालो, नाही. “नैराश्य?” नाही. दोन्ही उत्तरं खरीच होती. नोकरी आहे, हप्ता वेळेवर जातो, मग चिंता कशाची सांगू? त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, “जिवाला घोर लागल्यासारखं होतं का?” माझे डोळेच भरून आले.

मी पतसंस्थेत रोखपाल आहे. रोकड जुळलेली असते, तरी पाचशेच्या नोटांचं बंडल तीन-तीनदा मोजतो. रविवारी दुपार कलली की पोटात गोळा येतो. सोमवारी गाडी लावतो आणि किल्ली मुठीत धरून तसाच बसून राहतो. दोन-तीन महिने बरे जातात, मग जुन्या दुखण्यासारखं हे पुन्हा उचल खातं. काळजी, घोर, धाकधूक, घालमेल यांत नेमका फरक काय? आणि नैराश्याला आपल्या बोलीत काय म्हणतात?

प्रतिसाद (लातूर)

मी मराठी शिकवतो. धाकधुकीला मुदत असते, निकाल लागला की ती संपते. घालमेल त्या घटकेची, आत चाललेली. काळजीला विषय लागतो: पोराची, पावसाची, उसाच्या बिलाची. घोरालाही सुरुवातीला विषय असतो, ‘पोरीच्या लग्नाचा घोर’ म्हणतोच आपण. पण लग्न पार पडलं तरी घोर मागे राहू शकतो.

संस्कृतात ‘घोर’ हे विशेषण, अर्थ भयंकर. मराठीनं त्याचं नाम केलं आणि त्याला ‘लागणे’ हे क्रियापद दिलं. तहान लागते, ठेच लागते, तसा घोर लागतो, आणि तोही जिवाला. काळजी आपण ‘करतो’, म्हणून ‘काळजी करू नको’ असं सांगता येतं. ‘घोर करू नको’ माझ्या तरी कानावर आलेलं नाही. जी गोष्ट माणूस करतच नाही, ती त्यानं थांबवायची कशी? तुम्हाला कुणी ‘विचार करणं सोड’ म्हणत असेल, तर त्याला हे जरूर सांगा.

प्रतिसाद (औसा)

यात ‘धसका’ राहिला. आमच्याकडे त्याला तारीख आहे: 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपेतल्या माणसांवर आलं. आमची आजी त्यानंतर पुन्हा माळवदाखाली झोपली नाही, भर पावसातही पत्र्याच्या शेडमध्येच. रस्त्यावरून ट्रक गेला तरी उठून बसायची. “म्हातारीनं धसका घेतला” एवढंच सगळे म्हणायचे, औषधाचं कुणाला सुचलं नाही. धसका एका घावाचा असतो. दादा, तुमचा धसका नाही वाटत, घोरच आहे.

प्रतिसाद (बीड)

निराशा वेगळी, नैराश्य वेगळं. निराशा आशा मोडली की येते, दुसरी आशा लागली की जाते. नैराश्य ही अवस्था. बोलीत त्याला एक शब्द नाही, पण वाक्यं आहेत: ‘कशात जीव लागंना’, ‘अन्न गोड लागंना’, ‘करमंना’.

‘करमंना’कडे नीट बघा. पोरगी सासरी गेली, माणूस परगावी गेला की आपण हे म्हणतो, म्हणजे जागा परकी असते. स्वतःच्या घरात, आपल्याच माणसांत बसून कुणी ‘करमंना’ म्हणायला लागलं, तर ते ऐकून सोडून देऊ नका. दोन आठवडे जवळजवळ रोज असं राहिलं, झोप-भूक बिघडली, कामात मन लागेना, तर डॉक्टर नैराश्य आहे का ते तपासतात.

आणि ‘हाय खाल्ली’. एखादा माणूस नापिकीनंतर खंगत गेला की पारावर हे दोन शब्द बोलतात, जणू त्याचं पुढचं ठरूनच गेलं. मला या शब्दाचा राग येतो. हाय खाल्लेला माणूस बरा होतो. माझा भाऊ झाला. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले, त्याआधीच दोनदा तो त्या सोडायला निघाला होता. रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला, तर 14416 वर टेलिमानसला फोन लावा. 2022 पासून ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मूळ प्रश्नकर्ता (परभणी)

सरांचा ‘लागणे’ आणि ताईंचा ‘करमंना’ दोन्ही वहीत उतरवून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारलं, घरात करमतं का? मी सुट्टीच्या दिवसांचं खरं सांगितलं. तेव्हा त्यांनी गोळीसोबत दर आठवड्याला समुपदेशनही सुरू केलं.

आईला सांगणं राहिलं होतं. ‘डिप्रेशन’ म्हणालो असतो तर ती घाबरली असती. शेंगा फोडत बसली होती, शेजारी बसून म्हणालो, “माय, लई दिवसांपासून जिवाला घोर लागलाय.” तिनं सूप बाजूला सारलं.

“कव्हापासून रे?”