वीस वर्षं जुन्या एस्टीमला टर्बो बसवावा का?

माजिवडेकर
माझ्याकडे २००४ ची मारुती एस्टीम आहे. बाबांनी नवी घेतली होती, आता माझ्या नावावर आहे. १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत, गंज नाही, गिअरबॉक्स लोण्यासारखा. १३०० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, कंपनीच्या आकड्यानुसार ८५ बीएचपी. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत, त्यामुळे सपाटीला अजूनही झकास पळते. पण एसी लावून, चार माणसं बसवून माळशेज चढायला लागलं की दुसऱ्या गिअरवर जीव काढते.

माझं मत: लहान टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवावा आणि बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, ०.४ बारवर थांबवावा. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो. त्यात ०.४ ची भर म्हणजे हिशेबाने चाळीस टक्के जास्त हवा. दाबलेली हवा तापते, टायमिंग मागे घ्यावं लागतं (स्पार्क थोडा उशिरा द्यावा लागतो), ते सगळं वजा केलं तरी १०५-११० बीएचपी मिळायला हरकत नाही. खुद्द सुझुकीने १९८७ मध्ये जपानात अल्टो वर्क्स काढली होती, साडेपाचशे सीसीच्या टर्बो इंजिनातून ६४ पीएस (बीएचपीही जवळपास तेवढेच). चांगली चालणारी गाडी भंगारात घालून कर्जावर नवी घ्यायची, हे मला पटत नाही. विरोध जरूर करा, पण कारण सांगून करा.

वागळे इस्टेटचा फिटर
दादा, गाडीवरची माया कळते, म्हणूनच सांगतो: करू नका. सुझुकीने त्या अल्टोला टर्बो नंतर चिकटवला नव्हता, ते इंजिनच टर्बोसाठी बांधलं होतं. साध्या पेट्रोल इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, नऊ ते साडेदहा असतो. त्या काळच्या टर्बो इंजिनांचा आठ-साडेआठ ठेवायचे, ते उगाच नाही. आधीच दाबून आलेली हवा पिस्टन पुन्हा तेवढीच दाबणार, मग स्पार्कने पेटवलेली ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो हाच, नॉकिंग. घाटात जोर दिलेला असताना असं काही सेकंद चाललं तरी पिस्टनचा कठडा (दोन रिंगांमधला धातूचा पट्टा) तुटू शकतो.

शिवाय फॅक्टरीच्या टर्बो इंजिनात बहुतेक वेळा पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वेगळ्या धातूचे असतात, रेडिएटर मोठा असतो. तुमच्या इंजिनात यातलं काय आहे?

ऐरोलीकर
फिटरकाका, नॉकिंगचं तुम्ही सांगितलंत ते खरंच, पण ०.४ बारला त्यावर उपाय आहे. इंजिन टर्बोने मरत नाही, चुकीच्या ट्यूनिंगने मरतं. पुढे चांगला इंटरकूलर लावून हवा थंड करा, बूस्टमध्ये मिश्रण थोडं श्रीमंत (पेट्रोल जास्त) ठेवा, टायमिंग मागे घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं आणि बाष्प होताना सिलिंडर थंडही करतं. मायलेज थोडं घटतं आणि जुने रबरी पाइप बदलावे लागतात, पण टर्बोवाल्याला हे पेट्रोल उलट उपयोगी आहे.

खर्चाची उतरंड मात्र लोक उलटी लावतात. टर्बो स्वस्तात आणतात आणि ईसीयूला (पेट्रोल आणि स्पार्क ठरवणाऱ्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला) पैसे उरत नाहीत. एस्टीमच्या मूळ ईसीयूला बूस्ट म्हणजे काय ते ठाऊकच नाही. स्वतंत्र ईसीयू, बूस्ट वाचणारा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर, हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड ओटू सेन्सर आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दिवसभर काम, हे आधी. एवढं जमत नसेल तर टर्बो विकत घेऊच नये.

खारघरकर
माझ्या गाडीचं सांगतो, दुसऱ्या कोणाची ऐकीव गोष्ट नाही. १५०० सीसीची सेडान, बूस्ट ०.५ बार. गॅरेजचं नाव घेत नाही. मोठे इंजेक्टर टाकले, ट्यूनिंगही केलं, पण इंधन पंप मूळचाच ठेवला, पंधरा वर्षं जुना. पाच महिने स्वर्ग होता. मग मे महिन्यात खोपोलीहून बोरघाट चढताना तिसऱ्या गिअरवर पूर्ण जोर दिला, पंपाचा दाब पडला, मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. आवाज आलाच नाही, की एसीत मला ऐकू आला नाही, माहीत नाही. आरशात निळा धूर दिसला तेव्हा सगळं झालं होतं. उघडलं तर दोन नंबरच्या पिस्टनच्या पहिल्या-दुसऱ्या रिंगमधला कठडा तुटलेला आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. आईला लोणावळ्याला डॉक्टरकडे नेत होतो. त्या दिवशी ती माऊली दोन तास घाटात उन्हात बसली होती. ते मला अजून खुपतं.

ऐरोलीकर
फार वाईट झालं. पण तुम्हीच कारण दिलंत: पंप. रेल प्रेशरवर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या दाबावर) लक्ष ठेवून दाब पडताच बूस्ट तोडणारी सुरक्षा ईसीयूमध्ये लावता येते. ती लावली नाही हा काम करणाऱ्याचा दोष.

खारघरकर
काम करणाऱ्याचा दोष मान्य. पण घाटात आई माझी होती. नेहमीच्या गॅरेजात हे सगळं समजून करणारे किती हात आहेत, हा प्रश्न टर्बोइतकाच महत्त्वाचा आहे.

नेरूळची सर्व्हेअर
मी वाहन विम्याच्या दाव्यांची पाहणी करते, म्हणून इंजिनाबद्दल बोलत नाही, कागदांबद्दल बोलते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच प्रकारचं इंजिन बदलणं ही वेगळी गोष्ट, त्याची आरसीवर नोंद करून घेता येते.

माजिवडेकर, तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाला ती ठाणे आरटीओत तपासणीसाठी उभी राहणारच. बॉनेट उघडलं की इंटरकूलरचे पाइप लपत नाहीत. आणि न कळवलेला बदल सापडला तर अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. घाट चांगला चढावा म्हणून एवढं अंगावर घ्यायचं का, याचा विचार करा.

घोडबंदर रोडवरून
टर्बोचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि एक्झॉस्ट आठशे-नऊशे अंशांना जातो. कापूरबावडी ते गायमुख पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना बूस्ट मिळणार नाही, बॉनेटखालची उष्णता मात्र मिळेल. रोजचा रस्ता हा असेल तर माझं मत विरोधात.

माजिवडेकर
सर्व्हेअर ताईंचा मुद्दा मला सगळ्यात जड गेला, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. इंजिनाबद्दल मात्र भांडत बसण्यापेक्षा काल रविवारी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची तपासणी) करून घेतली. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे पीएसआयमध्ये: १७८, १७४, १३६, १७६. तीन नंबरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा घेतलं तर १६८.

वागळे इस्टेटचा फिटर
तेलाने रिंगांची फट भरली आणि आकडा वर आला, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, रिंगा गेल्या. चारांतला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा, तुमचा वीसच्या पुढे आहे. घाटात जीव काढते त्याचं एक कारण इथेच सापडलं. बरं झालं टेस्ट केलीत. या इंजिनाला बूस्ट दिला असता तर पहिल्याच पावसाळ्यात उघडावं लागलं असतं. आता ब्लॉक मोजून घ्या, होनिंगवर (सिलिंडरची भिंत हलकी घासून) भागतं की बोअर करावा (सिलिंडर कापून मोठा करावा) लागतो ते बघा, कंपनीच्या मापाच्या रिंगा टाका, व्हॉल्व्ह घासून घ्या. आधी ८५ चे ८५ परत मिळवा, मग एकदा माळशेजला जाऊन या.

ऐरोलीकर
टेस्टबद्दल मनापासून शाबासकी, हे माझ्याआधी काकांनी सुचवायला हवं होतं आणि काकांआधी मी. पण इंजिन उघडतच असाल तर पिस्टन कोणते टाकायचे हा निर्णय आत्ताच घ्यावा लागेल. कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आज टाकले तर टर्बोचा रस्ता उघडा राहील. नंतर पुन्हा उघडणं म्हणजे दुप्पट मजुरी.

वागळे इस्टेटचा फिटर
आणि टर्बो कधीच लागला नाही तर? कमी कॉम्प्रेशनचं साधं इंजिन घेऊन हे दादा आजच्यापेक्षाही हळू घाट चढतील. असं अर्धवट काम मी तरी माझ्या हाताने करणार नाही.

माजिवडेकर
गुरुवारी हेड उतरतंय. कंपनीच्या मापाचेच पिस्टन आणि रिंगा सांगितल्यात, नवा इंधन पंपही टाकतोय. बोअरचं माप आलं की इथे लिहितो.