पावसाळ्यानंतर डेस्कटॉप सुरू होऊन लगेच बंद पडतो: मदरबोर्ड गेला असे समजावे का?

बंद_घर

नमस्कार. गुहागरजवळच्या आमच्या गावच्या घरी 2014 साली घेतलेला डेस्कटॉप आहे. एच81 चिपसेटचा मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा कोअर आय3, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर3 रॅम आणि 450 वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) अशी त्याची रचना आहे. मे महिन्याच्या अखेरीस घर बंद करून आम्ही पुण्याला आलो आणि गणपतीसाठी घर उघडले, तेव्हापासून तो सुरू व्हायला तयार नाही. भिंतीवरचे बटण चालू केले की लगेच पंखे फिरू लागतात, कीबोर्डचे दिवे क्षणभर लागतात, पण पडद्यावर काही उमटण्याआधीच सगळे बंद पडते. त्यानंतर कॅबिनेटचे बटण कितीही दाबले तरी काही होत नाही. भिंतीवरचे बटण बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू केले की पुन्हा तोच प्रकार.

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसल्या, एकेक रॅम आलटून पालटून लावून पाहिली आणि आतली धूळ ब्रशने झटकली, पण फरक पडला नाही. तालुक्याच्या एका दुकानदाराने फोनवरच ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. इतक्यात हार मानावी का?

तांब्याची_तार

माझा पहिला संशय एसएमपीएसवर आहे. कोकणातल्या पावसाळ्यात तीन-साडेतीन महिने बंद पडून राहिलेल्या आणि दहा वर्षे वापरलेल्या एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) कमजोर झाले असतील, तर भार पडताच तो स्वतःच्या बचावासाठी बंद होतो. भिंतीचा प्लग काढा, मदरबोर्डला जाणारा 24 पिनांचा कनेक्टर सोडवा, त्यातील हिरव्या तारेची पिन आणि शेजारच्या काळ्या तारेची पिन यांत कागदाची यू आकाराची पिन बसवा आणि मगच प्लग लावा. पंखा फिरून फिरत राहिला, तर एसएमपीएस निदान पूर्ण मेलेला नाही. मल्टिमीटर असेल तर काळ्या तारेच्या तुलनेत पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 आणि लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळाले पाहिजेत. अर्थात ही चाचणी भाराविना असल्याने यात पास झालेला एसएमपीएस निर्दोषच असतो असे नाही. त्याचा डबा मात्र उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

आधीचा सल्ला चुकीचा नाही, पण मूळ प्रश्नातले एक वाक्य पुन्हा वाचावे अशी विनंती आहे. भिंतीवरचे बटण चालू केले की पंखे ‘लगेच’ फिरू लागतात, म्हणजे कॅबिनेटचे बटण दाबण्याआधीच. बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय मुद्दाम चालू केलेली नसेल, तर एटीएक्स रचनेचा, म्हणजे असा नेहमीचा डेस्कटॉप, संगणक आपण होऊन सुरू होत नाही. तो बटण दाबले जाण्याची वाट पाहतो. मग ते बटण कोण दाबत आहे?

मला एवढेच सांगा की पंखे फिरू लागल्यापासून बंद पडेपर्यंत नेमके किती सेकंद जातात आणि प्रत्येक वेळी तेवढेच जातात का. कुठे शॉर्ट (तारा किंवा भाग एकमेकांना चिकटलेले) असेल तर एसएमपीएस बहुधा सेकंदभरही टिकत नाही. प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) सैल असेल तर वेळ बदलत राहतो, आणि प्रोसेसर आधीच तापलेला असताना तो कमी होतो. पण दर वेळी घड्याळ लावल्यासारखे चार-पाच सेकंदच जात असतील, तर तो आकडा ओळखीचा आहे. पॉवरचे बटण चार सेकंदांहून अधिक वेळ दाबून धरले की संगणक सक्तीने बंद होतो आणि त्यासाठी विंडोज सुरू झालेले असण्याची गरज नसते. कॅबिनेटचे बटण आतून चिकटले असेल, तर बोर्डाच्या दृष्टीने कोणीतरी ते सतत दाबून धरले आहे. नंतर तुम्ही ते पुन्हा दाबता तेव्हा बोर्डाला नवे काहीच कळत नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या बटणांकडून येणाऱ्या तारांमधील ‘पॉवर एसडब्ल्यू’ (पॉवर स्विच) लिहिलेली जोडी मदरबोर्डवरून काढा. प्लग लावल्यावर संगणक शांत राहिला, तर त्या मोकळ्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. शेजारच्या पिनांना धक्का लागू देऊ नका.

बंद_घर

पाच वेळा मोजले आणि पाचही वेळा चार ते पाच सेकंदांच्या आतबाहेर वेळ भरला. तारांची जोडी काढल्यावर भिंतीवरचे बटण चालू केले, तेव्हा प्रथमच काहीही झाले नाही. स्क्रू ड्रायव्हर टेकवताच पंखे फिरले, फिरतच राहिले, आणि बोर्डाचे चिन्ह पडद्यावर आले.

कॅबिनेटचा पुढचा भाग काढून बटणामागचा छोटा स्विच पाहिला. त्याच्या दोन पायांमध्ये हिरवट थर चढला होता, आणि मल्टिमीटर लावल्यावर बटण न दाबताही मल्टिमीटर सलग वाजत होता, म्हणजे स्विच जोडलेलाच होता. खरे सांगायचे तर या दहा वर्षांत त्या बटणाकडे मी संशयाने पाहिलेच नव्हते.

एक गोष्ट मात्र उरली आहे. तारीख अनेक वर्षे मागे गेली आहे आणि त्यामुळे बहुतेक संकेतस्थळे सुरक्षिततेची सूचना देऊन उघडत नाहीत.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

तो मदरबोर्डवरच्या सीआर2032 बटण-सेलचा प्रश्न आहे. प्लग लावलेला असताना घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालते, पण घर बंद असताना त्याचा सगळा भार त्या 3 व्होल्टच्या सेलवर येतो. सेल बदलून बायोसमध्ये तारीख नव्याने भरा.

नवा स्विच मिळेपर्यंत रिसेट बटणाची तार ‘पॉवर एसडब्ल्यू’च्या पिनांवर लावा. दोन्ही स्विच एकाच जातीचे, दाबले की जोडणारे आणि सोडले की तोडणारे असतात. मात्र त्याच हवेत तेवढीच वर्षे गेल्याने रिसेटचा स्विचही आधी मल्टिमीटरवर तपासून घ्या.

बंद_घर

तपासला; तो ठीक आहे. सेल 2.1 व्होल्ट दाखवत होता, तो बदलला. सध्या संगणक रिसेटच्या बटणाने सुरू होतो आणि मोठ्या बटणावर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे, कारण घरातली सगळी जण अजून तेच दाबतात.