शब्दचर्चा : हॉल्मेनकॉलेन पदक 'जिंकतात' की 'मिळतं'?

लिंबूटिंबू :
मुलांच्या दिवाळी अंकासाठी बर्फावरच्या खेळांवर चार पानं लिहितोय, त्यात एका वाक्यावर गाडी अडलीय. वाक्य नॉर्वेचा स्कीपटू ब्यॉर्न डेली याच्याबद्दल आहे : 'त्याने ऑलिंपिकमध्ये ८ सुवर्णपदके जिंकली आणि १९९७ साली होल्मेनकोलेन पदक जिंकले.' संपादकबाईंनी दुसऱ्या 'जिंकले'भोवती लाल गोल काढून समासात विचारलंय, 'कुठल्या शर्यतीत? कोणाला हरवून?'

शोधलं तर तशी शर्यतच नाही. हे पदक नॉर्वेतली स्कीइंगची जुनी संघटना देते, १८९५ पासून, आणि तिथल्या स्कीपटूंना त्याहून मोठा मान नाही म्हणतात. मग 'पदक' म्हणू की 'पुरस्कार'? आणि क्रियापद कोणतं? 'पटकावले' लिहून बघितलं, ते तर आणखीच चुकीचं वाटतंय.

तिरपी मात्रा :
आधी नाव सुधारा. होल्मेनकोलेन नव्हे, हॉल्मेनकॉलेन. दोन्ही ठिकाणी आखूड, उघडा 'ऑ' आहे. मराठीला हा स्वर लिहिता येतो, तर वापरा की.

आता नावाची फोड. हॉल्मेनकॉलेन हे ओस्लोतलं एक टेकाड, तिथे स्कीच्या स्पर्धा होतात. 'कॉल' म्हणजे गोलसर माथ्याचं टेकाड. शेवटचा 'एन' हा नॉर्वेजियनमध्ये नामाला मागून चिकटतो, 'ते अमुक टेकाड' असं ठरावीकपण दाखवायला. तेव्हा 'हॉल्मेनकॉलेन टेकडी' हे 'सिंहगड किल्ला'सारखंच झालं. गड म्हटल्यावर किल्ला कशाला? (म्हणतो आपण सगळेच, मीही म्हणतो.) पदकाच्या मूळ नावात हा 'एन' टेकाडाचा उडून पदकाला जाऊन बसतो : हॉल्मेनकॉलमेडाल्येन. पण मराठीत तेवढं सोवळं पाळायची गरज नाही. 'हॉल्मेनकॉलेन पदक' चालेल.

आखाडा :
पदकच म्हणा. पुरस्कार म्हटलं की शाल, श्रीफळ आणि दोन तासांची भाषणं डोळ्यापुढं येतात.

लिंबूटिंबू :
पण पदक म्हटलं की मुलांच्या डोळ्यापुढे सोनं-चांदी-कांस्य आणि तीन पायऱ्यांचा चौथरा येतो. घोळ तिथेच आहे.

फणसगरा :
तो घोळ अलीकडचा. पदक हा मुळात दागिन्यातला शब्द. हाराच्या मध्यभागी छातीवर येतं ते पदक. कोल्हापुरी साजातल्या पानांनाही पदकं म्हणणारे आहेत. आमच्या आजीच्या तोंडी पदक म्हणजे तेवढंच. ते कुणी जिंकत नसे, सासूकडून सुनेला मिळत असे, तेही सासूची मर्जी असली तर. शर्यतीतल्या पहिल्या-दुसऱ्या नंबराशी पदकाची गाठ मेडलला मराठी शब्द शोधताना पडली असावी. तेव्हा न जिंकलेल्या पदकाला पदक म्हणायला मराठीची काहीच हरकत नाही. हरकत क्रियापदाची आहे.

ओस्लोकर :
उशिरा आलो. इथे चौदा वर्षं राहतोय म्हणून थोडं लांब लिहितो.

नॉर्वेजियन लोक ही दोन क्रियापदं काटेकोर वेगळी ठेवतात. शर्यतीत सोनं मिळालं तर 'वान्त', म्हणजे जिंकलं. हॉल्मेनकॉलेनच्या पदकाला मात्र 'फिक', मिळालं, किंवा जरा औपचारिक लिहायचं तर 'तिलदेल्त'. या शेवटच्या शब्दात 'देल' म्हणजे वाटा, भाग. वाट्याला आलं, असाच त्याचा अर्थ. आपल्याकडे 'मान वाट्याला आला' म्हणतात, त्याच्या अगदी जवळचं.

हे नुसतं शिष्टाचाराचं बोलणं नाही, फरक खरा आहे, आणि तो एकाच माणसाच्या दोन पदकांवरून दाखवता येतो. थोरलेइफ हाउग. १९२० साली त्याला हॉल्मेनकॉलेन पदक मिळालं. पुढे १९२४ मध्ये शामोनीला, पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, त्याने १८ किलोमीटर, ५० किलोमीटर आणि उडी-धाव मिळून होणारा संयुक्त प्रकार अशी तीन सुवर्णं जिंकली. शिवाय स्की-उडीत कांस्य. हे चौथं पदक पुढे उलटलं. कित्येक वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या दिवशी गुणांची बेरीजच चुकली होती. तिसरा आला होता अमेरिकेकडून उतरलेला आंडेर्स हाउगेन. हाउग १९३४ सालीच वारला होता. १९७४ मध्ये, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच्या मुलीने ते कांस्यपदक म्हाताऱ्या हाउगेनच्या हातात दिलं.

जिंकलेलं पदक बेरजेवर उभं असतं. बेरीज चुकली की ते परत जातं. १९२० च्या पदकामागे अशी बेरीजच नव्हती. लोकांनी बसून ठरवलं होतं की या माणसाला द्यायचं, त्यामुळे त्याला कुणी हात लावायचा प्रश्न आला नाही. म्हणून डेलीच्या वाक्यातलं दुसरं 'जिंकले' काढाच. संपादकबाईंचं बरोबर आहे.

आखाडा :
ओस्लोकर, एक नंबर. पण 'मिळाले' फार मिळमिळीत वाटतंय राव. रेशन मिळालं, सुट्टी मिळाली, पदक मिळालं. आमच्याकडं गदा 'मारतात'. महाराष्ट्र केसरीची गदा मारली म्हणजे समोरच्याला चितपट करून मारली. इथं समोर कोणी नाही हे मान्य. मग 'मानकरी' घ्या की. 'डेली हॉल्मेनकॉलेन पदकाचा मानकरी ठरला.'

तिरपी मात्रा :
मानकरी जत्रेतला. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, हे ज्याच्या घराण्याकडे चालत आलेलं असतं तो मानकरी. तो पिढीजात असतो. खेळाच्या पानावर आता सामनावीरालाही मानकरी करतात, पण शब्दाची मूळ चव ती नाही.

ओस्लोकर :
तिरपी मात्रा, तुमचा आक्षेप वाचून हसू आलं, कारण पिढीजात मानकरी या यादीतही आहेत. राजा सातवा हाकोन याला हे पदक १९५५ साली मिळालं. त्याचा मुलगा पाचवा ओलाव, १९६८. नातू पाचवा हाराल्ड आणि राणी सोन्या, २००७. तीन पिढ्या! बाप, लेक, नातू, पालखीच्या खांद्यासारखे.

ओलावच्या बाबतीत मात्र फुकटचा मान म्हणता येणार नाही. युवराज असताना, १९२२ आणि १९२३ साली, त्याने हॉल्मेनकॉलेनच्या स्पर्धेत स्वतः उडी मारली होती. ज्यावरून उडी मारतात त्या उंच मचाणावर एकदा वर जाऊन खाली बघा, मग कळेल. मी लिफ्टने गेलो, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि लिफ्टनेच उतरलो.

आखाडा :
म्हणजे मानकरी पास.

तिरपी मात्रा :
पास. पण 'ठरला' नको. 'ठरला'मध्ये पुन्हा निकाल लागल्याचा वास येतो. 'पदकाचा मान मिळाला' किंवा 'पदकाने गौरवण्यात आले'. दुसरं जरा सरकारी आहे, मुलांच्या अंकाला पहिलं बरं.

लिंबूटिंबू :
मान मिळाला. घेतलं. आता दुसरी शंका. मी लिहिलंय, 'हे पदक उत्तरेकडील देशांच्या स्कीपटूंना दिले जाते.' नॉर्डिक म्हणजे उत्तरेकडचे ना?

ओस्लोकर :
नाही, आणि ही चूक फार होते. इथे 'नॉर्डिक' देशाला लावलेलं नाही, स्कीइंगच्या प्रकाराला लावलंय. पोलंडच्या आदाम मावीशला २००१ साली हे पदक मिळालं, जपानच्या केंजी ओगिवाराला १९९५ साली. जपान कुठल्या हिशेबाने उत्तरेकडचा देश?

नॉर्डिकमध्ये तीन गोष्टी येतात : लांब पल्ल्याची धाव, उडी, आणि दोन्ही मिळून संयुक्त प्रकार. आल्पाइन म्हणजे डोंगरावरून खाली सुसाट घसरत येणं. मुलांना फरक सांगायचा सोपा उपाय म्हणजे टाच. नॉर्डिकमध्ये बुटाचं फक्त पुढचं टोक स्कीला अडकवतात, टाच मोकळी असते. चालताना ती वर उचलली जाते, चप्पल पायात फटक-फटक करते तशी. आल्पाइनमध्ये टाचही घट्ट बांधलेली. मोकळी टाच, बांधलेली टाच, एवढं पुरे.

अपवाद आहेत. स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क पूर्णपणे बांधलेल्या टाचेचा, तरी १९७९ साली त्यालाही हे पदक दिलं. तुमच्या चार पानांत त्याला आणू नका, मुलं गोंधळतील.

लिंबूटिंबू :
मग 'नॉर्डिक स्कीइंग'च ठेवतो, खाली टाचेची एक ओळ घालतो. 'लांब पल्ल्याची धाव' याला मी 'रानस्की' म्हणणार होतो.

फणसगरा :
रानस्की! वाचून डुकरं आठवली.

तिरपी मात्रा :
नॉर्वेजियनमध्ये काय म्हणतात?

ओस्लोकर :
'लांगरेन'. लांग म्हणजे लांब, रेन म्हणजे धाव. म्हणजे 'लांबधाव' अगदी शब्दाला शब्द होतो, आणि मराठीत कानालाही बरा लागतो. उडीला 'हॉप'. तिथे आपली 'उडी' आहेच, तिला हात लावू नका.

'स्की'बद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण स्की म्हणतो ते इंग्रजीच्या तोंडून ऐकून. इथे उच्चार आहे 'शी'. थेट शी, ई दीर्घ. पाच वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आली होती. मुलगा तेव्हा चार वर्षांचा, बालवाडीतून आला आणि दारातच ओरडला, 'आजी, मला शी हवी!' आई त्याला उचलून धावत सुटली. अंगावरचा बर्फाचा जाडजूड डगला, त्याच्या आतला लोकरीचा सदरा, विजार, सगळं दोन मिनिटांत उतरवलं. पोरगं उघडंवाघडं होऊन रडतंय, 'शी बाहेर आहे, बाहेर आहे!' आणि आई म्हणतेय, 'अरे बाहेर नाही करायची बाळा.'

आखाडा :
😂 हे दिवाळी अंकात पाहिजे.

फणसगरा :
शी बाहेर आहे! चहा सांडला माझा.

बरं, या 'शी'चं मूळ काय?

तिरपी मात्रा :
जुन्या नॉर्स भाषेत 'स्कीद', म्हणजे लाकडाची फोडून काढलेली फळी, ढलपी, जळण. तोडणे-फोडणे या अर्थाच्या ज्या आद्य धातूपासून तो शब्द आला, त्याच कुळातला आपला संस्कृत 'छिद्' आहे. छेद, छिद्र, विच्छेद, छिन्न सगळे त्याचेच. म्हणजे डेलीच्या पायाखालची स्की आणि शाळेतल्या अपूर्णांकाचा छेद, लांबचे का होईना, चुलतभाऊ.

फणसगरा :
मग आमचा शब्द ऐका. कोकणात जळणाच्या लाकडांना 'फाटी' म्हणतात. आमच्याकडे पावसाळ्याआधी फाटी फोडून, पडवीत रचून ठेवतात. मला तरी त्यात फाडणं-फाटणंच दिसतं. घाटावर लाकूडफाटा म्हणतात, त्यातला फाटा तोच असणार. फोडलेल्या लाकडाला जे नाव, तेच पुढे पायाला बांधायच्या लाकडाला. नॉर्वेवाल्यांनी जळण पायाला बांधलं आणि जगभर नाव काढलं, आम्ही चुलीत घातलं.

ओस्लोकर :
त्यांनी चुलीतही घातलं. इथे घरापुढे फाटी कशी रचलीय यावरून माणसाची किंमत करतात.

हॉल्मेनकॉलेनलाही आधी लाकडाचंच राज्य. १८९२ साली तिथे पहिली स्पर्धा झाली, तेव्हा सर्वांत लांब उडी साडेएकवीस मीटर होती. आता जो पोलादी मनोरा दिसतो तो २०१० चा, त्याच्यावरून शंभर-सव्वाशे मीटरच्या उड्या जातात. पण शब्द तोच राहिला. मार्चमध्ये स्पर्धेच्या रविवारी मेट्रोची एक नंबरची गाडी टेकाडावर चढते, तिच्यात माणसापेक्षा उंच 'शी' घेऊन लोक उभे असतात, मध्ये जागा नाही, कुणाच्या तरी पिशवीतून संत्र्याचा वास येत असतो. वर पोचलात की लांबूनच 'कॉलेनब्रोल' ऐकू येतो. ब्रोल म्हणजे गर्जना. नॉर्वेचा गडी शेवटच्या चढाला लागला की प्रेक्षकांतून जो एकसुरी हंबरडा उठतो, त्याला खास हा शब्द आहे.

तिरपी मात्रा :
हंबरडा दुःखाचा. आनंदाचा असेल तर 'गजर' किंवा 'आरोळी'.

ओस्लोकर :
नाही हो, एकदा ऐकाल तर हंबरडाच म्हणाल. बैल हंबरतात तसाच आहे. ब्रोल हा शब्दही मुळात जनावराच्या ओरडण्याचा.

आखाडा :
'डरकाळी' घ्या मग. तालमीत चालते.

ओस्लोकर :
डरकाळी पसंत.

आणि शब्दांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. ओद्वार ब्रो, यालाही हे पदक मिळालंय, १९७५ साली. १९८२ ची जागतिक स्पर्धा याच टेकाडावर झाली. तिच्यात चौघांच्या साखळी-धावेत शेवटच्या टप्प्यात तो सोव्हिएत गड्याला धडकला आणि त्याची काठी मोडली. कुणीतरी दुसरी दिली, दोघे एकदम रेषेवर पोचले आणि सुवर्ण दोघांच्या संघांत वाटून दिलं. आजही इथे ओळख काढताना विचारतात, 'ब्रोची काठी मोडली तेव्हा तू कुठे होतास?' माझ्या ऑफिसातल्या एका बाईने मला पहिल्या आठवड्यात विचारलं. मी म्हटलं, साताऱ्यात, दुसरीत.

लिंबूटिंबू :
काठी हाच शब्द ना? मी 'दंड' लिहिला होता.

आखाडा :
दंड मारायचे असतात. काठी लिहा.

लिंबूटिंबू :
तर आता वाक्य असं : 'ब्यॉर्न डेलीने ऑलिंपिकमध्ये लांबधावेत ८ सुवर्णपदके जिंकली. १९९७ साली त्याला हॉल्मेनकॉलेन पदकाचा मान मिळाला.' बाईंना पाठवलं. बाईंचा होकार आला, पण सोबत नवा लाल गोल, पुढच्याच ओळीवर. मी लिहिलंय, 'त्याच्या दोन्ही स्की तुटल्या.' बाई विचारतायत, स्कीचं अनेकवचन स्कीच का? नदी-नद्या, काठी-काठ्या, तर स्की...

फणसगरा :
स्क्या.

तिरपी मात्रा :
कृपा करून नको.

फणसगरा :
'फाट्या' म्हणू का मग?