मदत हवी आहे: ग्लीझ २२९ बी माझ्या मॉडेलपेक्षा इतका अंधुक का?

मंडळी, एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टमध्ये तीन आठवडे एकाच जागी अडकलोय.

विषय ब्राऊन ड्वार्फचं, म्हणजे हायड्रोजन नीट पेटवू न शकलेल्या अर्धवट ताऱ्याचं, थंड होणं. त्यासाठी मेसा हा ताऱ्यांची मॉडेल्स चालवणारा प्रोग्रॅम वापरतोय. पडताळणीसाठी सरांनी ग्लीझ २२९ बी हा ब्राऊन ड्वार्फ दिला, एका लाल ताऱ्याभोवती फिरणारा. १९९५ साली सापडलेला, १९ प्रकाशवर्षांवरचा, वर्णपटात मिथेनची ठसठशीत खूण. "सोपं उदाहरण आहे," म्हणाले. कसलं सोपं!

निरीक्षणातलं तेज सूर्याच्या तुलनेत लॉगमध्ये उणे ५.२. वस्तुमान कक्षेवरून काढलेलं, ७१ गुरू ग्रहांच्या आसपास. तेवढं इनलिस्टमध्ये (मेसाच्या इनपुट फाइलमध्ये) भरलं की ५ अब्ज वर्षांनंतरही मॉडेल उणे ४.५ वर रेंगाळतं, म्हणजे पाच पट उजळ. उणे ५.२ पर्यंत उतरायला वय इतकं ताणावं लागतं की शेजारच्या लाल ताऱ्याच्या वयाशी ते जुळत नाही.

मिक्सिंग लेंग्थ (आतला वायू ढवळताना किती अंतर जातो तो आकडा) १.५ ची २ केली, तेजाची रेष ढिम्म हलली नाही. काल रात्री टाइमस्टेप इतका बारीक केला की लॅपटॉपच्या पंख्याने आई उठली. उत्तर तेच. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
मिक्सिंग लेंग्थने फरक पडणारच नाही. आतला सगळा गोळा ढवळला जातो आणि इतका दाट असतो की तापमानाचा उतार जवळजवळ अ‍ॅडियाबॅटिकच (उष्णतेची देवघेव न होता ठरणारा) राहतो. लगाम असतो वातावरणाच्या हातात. वरची सीमा काय ठेवलीय? साधं ग्रे एडिंग्टन (सगळ्या तरंगलांबींना एकच अपारदर्शकता धरणारं वातावरण) असेल तर आधी ते काढा. हजारभर केल्विनला पाणी आणि मिथेन काही तरंगलांबी अडवतात, काही सोडतात. एक सरासरी अपारदर्शकता तिथे चालत नाही. मेसातली टाऊ १०० ची टेबल्स, म्हणजे वातावरणाची तयार गणितं, लावा.

धागाकर्ता
ग्रेच होतं, बदललं. रेष थोडी सरकली, पण पाच पटींची दरी काही बुजली नाही. आता इक्वेशन ऑफ स्टेट (दाब, घनता, तापमान यांचं नातं) बदलू का?

प्रतिसाद २
थांबा, त्याने एवढा फरक पडणार नाही. वस्तुमानाचा पेपर कुठल्या सालचा वाचलात?

धागाकर्ता
२०२१.

प्रतिसाद २
तिथेच घोळ आहे. तुमचं मॉडेल ठीक आहे, तारा एकटा नाही! ऑक्टोबर २०२४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं: चिलीतल्या व्हीएलटीआय या जोडलेल्या दुर्बिणींवर ग्रॅव्हिटी उपकरणाने पाहिलं तर ते दोन निघाले. सुमारे ३८ आणि ३४ गुरूंचे, एकमेकांभोवती १२ दिवसांत फिरणारे. कक्षेवरून मिळालेले ७१ ही दोघांची बेरीज. ७१ गुरूंचा एकच गोळा हायड्रोजन जळण्याच्या सीमेला टेकलेला असतो, तिथे थोडंफार ज्वलन त्याला ऊब देत राहतं, म्हणून तो लवकर निवत नाही. अर्ध्या वस्तुमानाचे दोन भराभर निवतात. मॉडेलवाले आधीपासून म्हणत होते की हा आकडा पचत नाही.

धागाकर्ता
अरे देवा. म्हणजे ३८ आणि ३४ वेगवेगळे चालवायचे, वय दोघांना एकच ठेवायचं, आणि तेज मिळवायचं?

प्रतिसाद २
हो. फक्त लॉगची बेरीज करू नका, आधी घात काढा.

धागाकर्ता
उशीर झाला. उणे १०.९ आलं, आणि सरांना स्क्रीनशॉटही पाठवून बसलो.