मालिका बघून समुद्रकिनारी गेलात? अनुभव लिहा

नारळीपौर्णिमा
परवा भाचीचा मेसेज आला. लग्नाच्या वाढदिवसाला दोघं कोह सामुईला निघालीत, 'द व्हाइट लोटस'च्या (आलिशान हॉटेलांतल्या पाहुण्यांवरची अमेरिकन मालिका, दर सीझनला नवी जागा) तिसऱ्या सीझनमधल्या त्या हॉटेलात. सोबत फोटो: डोंगरउतारावर व्हिला, व्हिलाला स्वतःचा पोहण्याचा तलाव, खाली थायलंडचं आखात. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले, कारण सामुई माझ्या ओळखीचं आहे, पण वेगळं.

आम्ही गेलो ते मालिकेच्या कितीतरी आधी. सुरत थानीपर्यंत रात्रीची रेल्वे, पुढे डोन्साकच्या धक्क्यावरून बोट, दीडेक तासात बेट. मे नाम गावात एका घरातली खोली भाड्याने मिळाली होती. त्या घरची आजी बुटक्या पाटाला बसवलेल्या खवणीवर बसून नारळ खवायची, थेट माझ्या आजीची बैठक. परसात शिकवलेलं माकड माडावर चढून नारळ पिरगाळून खाली टाकायचं आणि आमची मुलं जेवण सोडून तेच बघत बसायची. पर्यटक तेव्हाही होते, पण नारळाचा धंदाही सगळीकडे दिसायचा.

भाचीला मी जाऊ नको म्हणणार नाही, जागा सुंदरच आहे. पण मालिकेमुळे माणसं हॉटेल बघायला जातात आणि बेट बघायचं राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्यापैकी कोण कोण असं गेलंय? काय दिसलं, काय परवडलं, तिथल्या लोकांशी बोलणं झालं का?

कडकचहा
मस्त धागा! कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते. तोवर एवढंच की आमच्या कॉलेजकन्येने तिसरा सीझन फक्त लिसासाठी बघितला. ब्लॅकपिंक या कोरियन पॉप बँडमधली लिसा, हॉटेलात काम करणाऱ्या मूकची भूमिका. ती स्वतः थाई आहे, त्यामुळे लेकीला आता थायलंड म्हणजे माहेरच वाटतं.

दर्यावर्दी
ताओर्मिना, सिसिली. दुसरा सीझन. बायकोला ते हॉटेल बघायचंच होतं. सान दोमेनिको पॅलेस हा मूळचा चौदाव्या शतकातला डोमिनिकन साधूंचा मठ, १८९६ पासून हॉटेल. एका रात्रीच्या भाड्यात आमचं अख्ख्या मुक्कामाचं राहणं बसत होतं, म्हणून आम्ही खाली जार्दिनी नाक्सोसला राहिलो आणि रोज बसने वर गेलो.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की हॉटेलाला किनारा नाही. ते कड्यावर आहे, समुद्र खूप खाली. मालिकेत मंडळी हॉटेलातून निघून लगेच वाळूवर पडतात ना, ती वाळू चेफालूची. चेफालू सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर, मेसिनावरून वळसा घालून जावं लागतं. आम्ही मुद्दाम गेलो. किनाऱ्याला लागूनच जुनी घरं, मागे नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरने बांधायला घेतलेलं कॅथेड्रल, त्याच्याही मागे उभा कातळ. मला चेफालू ताओर्मिनापेक्षा काकणभर जास्त आवडलं. तिथे पोरं वाळूत फुटबॉल खेळत होती आणि बायका बाल्कनीतून त्यांना हाका मारत होत्या.

ताओर्मिनात रोपवेने माझारोला उतरा, तिथून इझोला बेल्ला. पाणी कमी असेल तर चालत बेटावर जाता येतं. गोट्यांचा किनारा आहे, पायात काहीतरी हवंच. वर गावच्या सार्वजनिक बागेत फुकट बसा, समोर एटना ज्वालामुखी. तिथे एक निवृत्त शिक्षक भेटले, मोडक्या इंग्रजीत बोलत होते. त्यांची मुलगी लग्नानंतर खाली राहायला गेली, कारण वर गावात मिळेल ते घर आता पाहुण्यांना भाड्याने जातं. तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. पण बायको त्यानंतर हॉटेलाबद्दल काही बोलली नाही, आम्ही त्यांच्याबरोबरच बसून राहिलो.

वांगीभात
दर्यावर्दी, खाण्याचं लिहा हो!! शाकाहारी माणसाचं काय होतं तिकडे?

दर्यावर्दी
@वांगीभात, चंगळ होते. पास्ता अल्ला नोर्मा मागवा: तळलेलं वांगं, टोमॅटो, वरून खारवलेलं रिकोटा चीज. कातानियाचा पदार्थ. कापोनाता म्हणजे वांग्याचीच आंबटगोड भाजी. सकाळी ग्रानिता (बर्फाळ गोड गोळ्यासारखं) आणि ब्रियोश पाव, पिस्त्याची ग्रानिता चुकवू नका.

वांगीभात
वांग्याला एवढा मान देणारं गाव म्हणजे आपलंच. तिकीट काढायला हरकत नाही.

किल्लीघर
हॉटेलात काम करतो (गोवा, फ्रंट ऑफिस), म्हणून थोडी आतली बाजू. हॉटेलं शूटिंगला जागा देतात ती बहुतेक बंदच्या काळात. पहिल्या सीझनचं, हवाईतल्या माउई बेटावरचं शूटिंग २०२० च्या शेवटी, कोविडमुळे हॉटेल बंद असताना झालं. ताओर्मिनाचं हॉटेल हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा तिथे युनिट आलं. म्हणजे रिकाम्या खोल्यांचंही भाडं मिळतं आणि पुढे कित्येक महिने जाहिरात होत राहते. तिसऱ्या सीझनला तर फोर सीझन्स या हॉटेल कंपनीने मालिका दाखवणाऱ्या एचबीओशी रीतसर भागीदारी केली, आणि थायलंडचं पर्यटन प्राधिकरणही त्यात उतरलं.

सिनेमात हॉटेल दहा मिनिटं दिसतं. मालिकेत माणूस सात-आठ आठवडे तिथे राहून आल्यासारखा होतो. त्याला नाश्त्याची जागा, स्पा, बोटीचा धक्का सगळं पाठ झालेलं असतं. असा पाहुणा फोनवर तारीख नंतर विचारतो, आधी 'अमुक दृश्यातली खोली कुठली' ते विचारतो. तीच खोली मिळाली तर दराची घासाघीस करत नाही. मग शेजारची हॉटेलंही दर वाढवतात, त्यामागे घरभाडी. आमच्या धंद्यातली पोरं कामाच्या जागेपासून लांब लांब राहायला जातात ती यामुळेच, हे मी जवळून बघितलंय. पाहुण्यांना यातलं काही दिसत नाही. धागाकर्तीने लिहिलंय ते म्हणून पटलं.

मालवणी_खाजा
आकेरी विसरलात? 'रात्रीस खेळ चाले' चालू होती तेव्हा सावंतवाडी-कुडाळ रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या वाड्यापाशी थांबायच्याच. अण्णा नाईक खंय बसतत, शेवंता खंय दिसता, लोक सगळा विचारीत. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मुंबईकर पाहुण्याला मी तो वाडा दाखवून आणलाय. समुद्र तिथून लांब, तरी लोक वेंगुर्ला, शिरोड्याला पण जायला लागले. घरगुती जेवणवाल्यांना बरे दिवस आले, ते चांगलंच झालं. सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा झाला, पण आमच्या शेजारच्या काकूकडे पहिलं गिऱ्हाईक मालिकेने आणलं.

कडकचहा
@मालवणी_खाजा काकूंचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा प्लीज. मेमध्ये येतोय, सहा जण, दोन शाकाहारी.

मालवणी_खाजा
केलो. आंबे संपूच्या आधी येवा.

बेएरियाकर
माउई. पहिला सीझन वायलियाच्या फोर सीझन्समध्ये झाला. तिथे राहायची गरज नाही. हवाईत किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, वायलियाला सगळ्या मोठ्या हॉटेलांसमोरून समुद्राकाठची पायवाट जाते. खुर्च्या पाहुण्यांच्या, वाळू सगळ्यांची. टॉवेल, डबा घेऊन जा आणि दिवसभर बसा. आम्ही थेपले खात सूर्यास्त बघितला, शेजारी एक हवाईयन कुटुंब नातवाचा वाढदिवस करत होतं, त्यांनी मुलांना केक दिला.

पण आम्ही गेलो ते लहैनाच्या आगीनंतर. ऑगस्ट २०२३ ची ती आग, शंभरावर माणसं गेली, जुनं गाव जळून गेलं. आमच्या साध्या हॉटेलात खोली आवरायला येणारी बाई लहैनाची. घर गेलं, बहिणीकडे राहते म्हणाली, आणि पर्यटक यायला हवेत असंही म्हणाली, कारण तिचं काम त्यावर. काय बोलावं सुचेना. बायकोने तिचा हात धरला.

नारळीपौर्णिमा
@बेएरियाकर, वाचून गलबललं. हे लिहिलंत म्हणून आभार.

फिरस्ती
ट्रेनमधून लिहितेय, थोडक्यात. क्रोएशियातलं दुब्रोवनिक, 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेचं शूटिंग झालेलं. उन्हाळ्यात तटावरून चालताना पुढच्या माणसाची पाठ दिसते. लोकरुम बेटावर मठात मालिकेतलं ते लोखंडी सिंहासन ठेवलंय, रांग लावून फोटो. शेवटी शहराने क्रूझ जहाजं एका वेळी दोनच असा नियम केला. जुन्या तटबंदीच्या आत आता फार थोडी कुटुंबं उरलीत. जायचंच तर हिवाळ्यात जा. मी फेब्रुवारीत गेले, बेकरीवाली पाव बांधता बांधता निवांत गप्पा मारत होती. स्टेशन आलं, बाय.

आखाताकाठी
बँकॉकला राहतो, नारळीपौर्णिमा यांच्या भाचीसाठी लिहितो. तिसरा सीझन एका हॉटेलातला वाटतो, पण बराच भाग फुकेतच्या हॉटेलांत चित्रित झालाय. फुकेत अंदमान समुद्रावर, सामुई आखातात. म्हणजे मालिकेतली माणसं जेवायला बसतात एका समुद्राकाठी आणि झोपतात दुसऱ्या. भाची एकाच ठिकाणी सगळं शोधायला गेली तर सापडणार नाही, आधीच सांगा.

आणि पाणी. सामुईला पाणी मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या नळाने आणावं लागतं, तरी कडक उन्हाळ्यात टंचाई होते. प्रत्येक व्हिलाला तलाव आणि गावात टँकर, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मला याचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही. राहा कुठेही, पण जेवायला बाहेर पडा, नाथॉनच्या बाजारात जा, पैसे गावात खर्च करा.

नारळीपौर्णिमा
@आखाताकाठी, हे सगळं तिला जसंच्या तसं पाठवते. नाथॉनचा बाजार मलाही आठवतोय. ती नोव्हेंबरची तारीख बघतेय, चालेल का? विमान फार महाग दिसतंय म्हणाली.

आखाताकाठी
नोव्हेंबर नको! ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे धो धो पाऊस, फुकेतच्या उलट ऋतू. अँग थाँगच्या बेटांची बोटही खवळलेल्या समुद्रात बंद ठेवतात. फेब्रुवारी-मार्च उत्तम. सामुईचा विमानतळ बँकॉक एअरवेजच्या मालकीचा आहे, उड्डाणं मोजकी, त्यामुळे भाडं चढं. सुरत थानीपर्यंत स्वस्त विमान, पुढे बस आणि बोट. तुम्ही गेलात तोच रस्ता, अजून चालू आहे.

कडकचहा
जेवणं आवरली, आता लिहायला बसले तर लेक म्हणतेय चौथा सीझन फ्रान्समध्ये आहे, आत्ताच बुकिंग करू. दर्यावर्दी, व्हिसाला किती वेळ लागला तुम्हाला?

दर्यावर्दी
शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा. अपॉइंटमेंट मिळायलाच जास्त वेळ गेला, उन्हाळ्याच्या बरंच आधी हालचाल करा. बाकीचं व्यनि करतो.